आधी अंदाज, मग सिद्धांत: आंतरराष्ट्रीय संबंध आणि तौलनिक राजकारण शिकवण्याची रीत

बहुतेक ठिकाणी हा विषय ‘अर्थ, स्वरूप आणि व्याप्ती’ने सुरू होतो. मग वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद हे सिद्धांत ओळीने येतात आणि जगात प्रत्यक्ष घडलेल्या घटनांची पाळी येते तेव्हा निम्मे सत्र सरलेले असते. तोवर वर्गाने मनाशी खूणगाठ बांधलेली असते, की इथे उत्तरे आधी मिळतात आणि प्रश्न थेट परीक्षेत. पुढे कितीही चांगले शिकवले तरी ही गाठ सुटत नाही.

हा क्रम उलटा करता येतो आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. घटकाच्या तोंडाशी एक कोडे ठेवायचे, प्रत्येकाकडून लेखी अंदाज घ्यायचा, मग माहिती द्यायची. अंदाज चुकला आणि ‘असे कसे?’ हा प्रश्न वर्गातून आला, की तेव्हा सिद्धांत बाहेर काढायचा. खालचे सगळे तास या एकाच रीतीवर उभे आहेत.

## अंदाजाची चिठ्ठी

वहीचे पाव पान पुरते. प्रश्न फळ्यावर लिहा, चार मिनिटे द्या, बोलायचे नाही. चिठ्ठीवर दोनच वाक्ये: काय झाले असेल, आणि ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे दुसरे. नाव आणि तारीख घालून चिठ्ठ्या लगेच गोळा करा. त्या विद्यार्थ्यांकडेच राहिल्या तर उत्तर कळल्यावर अर्धा वर्ग हळूच खाडाखोड करतो, आणि मग ‘मला हेच म्हणायचे होते’ असे सगळ्यांनाच वाटू लागते. तासाच्या शेवटी चिठ्ठी परत द्या आणि खाली एक ओळ लिहून घ्या: माझे कोणते गृहीत चुकले? अंदाज बरोबर आला म्हणून गुण द्यायचे नाहीत. गुण द्यायचे ते चिठ्ठी दिल्याबद्दल. नाहीतर मुले सुरक्षित, गुळमुळीत उत्तरे लिहितात.

सगळा भार प्रश्नावर असतो. ‘युद्धे का होतात?’ हा कोड्याचा प्रश्न नव्हे. त्याला कुणीही काहीही लिहू शकतो. चांगल्या कोड्याला निदान दोन पटण्याजोगी उत्तरे हवीत, खरे काय झाले ते दाखवता यायला हवे, आणि त्याचा खुलासा त्या एका घटनेपलीकडेही चालायला हवा. एक नमुना असा: २७ जून १९५० रोजी सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियाच्या हल्ल्याविरुद्ध दक्षिण कोरियाला मदत करण्याची शिफारस करणारा ठराव मंजूर केला. उत्तर कोरिया सोव्हिएत संघाच्या गोटातला देश आणि सोव्हिएत संघाकडे नकाराधिकार होता. मग त्याने तो का वापरला नाही?

वर्ग बहुधा ‘अमेरिकेला घाबरला असेल’ किंवा ‘आतून समझोता झाला असेल’ असे लिहितो. सोव्हिएत प्रतिनिधी मुळात सभागृहातच नव्हता. चीनची जागा तैवानमधल्या राष्ट्रवादी सरकारकडे ठेवल्याच्या निषेधार्थ जानेवारीपासून त्यांचा बहिष्कार चालू होता. इथे हशा पिकतो. तो ओसरायच्या आत दुसरा प्रश्न टाका: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमात कायम सदस्यांच्या ‘सहमतीची मते’ हवीत असे म्हटले आहे; मग गैरहजेरी म्हणजे नकार का मानला नाही? लिखित नियम आणि रुळलेली प्रथा यांतला फरक इथे दहा मिनिटांत समजतो. व्याख्येने तो एरवी तासभर समजत नाही.

## सत्र कसे बसवावे

पंधरा आठवडे, आठवड्याला ५० मिनिटांचे तीन तास, म्हणजे ४५ तास धरू. दोन्ही विषय एकाच सत्रात असतील तर तौलनिक राजकारण आधी घ्या, साधारण सहा आठवडे. मग आंतरराष्ट्रीय संबंध सात आठवडे. उरलेले दोन आठवडे मोकळे ठेवा, कारण सुट्ट्या आणि परीक्षा ते खातातच. तौलनिक आधी घेण्याला ठोस कारण आहे. आंतरराष्ट्रीय संबंध आधी घेतले की ‘चीनला वाटते’, ‘रशिया चिडला’ अशी देशांना माणसे समजणारी भाषा तोंडात बसते. देशाच्या आत पक्ष, लष्कर, नोकरशाही आणि न्यायालये एकमेकांशी कशी झगडतात हे आधी पाहिलेला विद्यार्थी ‘चीनमध्ये नेमके कुणाला वाटते?’ असे स्वतःहून विचारतो.

आठवड्यातला पहिला तास कोड्याचा, दुसरा खुलाशाचा, तिसरा कृतीचा. वर्ग मोठा असेल तर कृतीचा तास पंधरवड्याने घेतला तरी चालतो.

## शब्दच घात करतात

मराठीतून हा विषय शिकवताना एक अडचण येते ती पुस्तकांत फारशी नोंदलेली नसते: पारिभाषिक शब्दांना रोजच्या बोलीत दुसराच अर्थ असतो.

‘अराजक’ हे सगळ्यात मोठे उदाहरण. आपल्या कानाला त्यात जाळपोळ, लुटालूट, गोंधळ ऐकू येतो. या विषयात त्याचा अर्थ इतकाच, की राज्यांच्या डोक्यावर त्यांना हुकूम सोडणारे कुठलेही सरकार नाही. जग पूर्ण शांत असतानाही ते अराजकच असते. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले नाही तर उत्तरपत्रिकेत ‘जगात अराजक माजल्यामुळे’ असे वाक्य येतेच येते. ‘वरिष्ठ सत्तेचा अभाव’ हा शब्दप्रयोग सुरुवातीचे दोन आठवडे वापरा, मग ‘अराजक’वर या.

‘वास्तववादी’ ही बोलीत शाबासकी आहे: जमिनीवर पाय असलेला माणूस. त्यामुळे मतदान घेतले की वर्ग वास्तववादाच्या, म्हणजे राज्ये सत्ता आणि सुरक्षा पाहूनच वागतात या म्हणण्याच्या, बाजूने झुकतो, युक्तिवाद न वाचताच. ‘उदारमतवादी’ म्हणजे मोठ्या मनाचा. मग उदारमतवादाचे म्हणणे ‘देशांनी एकमेकांशी प्रेमाने वागावे’ असे होऊन बसते. संस्था, व्यापार आणि देशांतर्गत राजवटीचा प्रकार यांमुळे राज्यांचे हिशेब बदलतात, हा त्याचा खरा मुद्दा बाजूलाच राहतो. एक उपाय हमखास चालतो. पहिल्या फेरीत नावे सांगूच नका. सिद्धांत १, २, ३ अशी फळ्यावर मांडणी करा आणि नावे आठवड्याने उघड करा.

‘राष्ट्र’ आणि ‘राज्य’ हा तिसरा गुंता. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य खरे तर राज्ये आहेत. कुर्द लोक स्वतःला राष्ट्र मानतात पण त्यांचे राज्य नाही. आणि ‘राज्य’ म्हटले की डोळ्यासमोर संघराज्यातला घटक येतो. लेखनात ‘राज्यसंस्था’ हा शब्द सक्तीचा करा, बोलताना ‘देश’ चालू द्या.

## तुलना म्हणजे दोन देशांची माहिती शेजारी लिहिणे नव्हे

‘ब्रिटन आणि अमेरिकेच्या राज्यघटनांची तुलना करा’ या प्रश्नाला दोन रकाने भरून येतात आणि तुलना कुठेच नसते. तुलनेला एक ‘का’ लागतो. तो बसवायला झांबिया आणि मलावीचा तास घ्या.

चेवा आणि तुंबुका हे दोन समाज झांबिया-मलावी सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. सीमा ब्रिटिश वसाहतीच्या कारभाऱ्यांनी आखली. ती आखताना कोण कुठे राहतो याचा विचार झाला नव्हता. भाषा त्याच, रीतिभाती त्याच. तरी मलावीत हे दोन समाज राजकारणातले प्रतिस्पर्धी आहेत आणि झांबियात मित्र. का?

चार मिनिटे चिठ्ठी. पुढची दहा मिनिटे सगळी कारणे फळ्यावर: जुने वैर, वेगळी संस्कृती, धर्म, नेत्यांनी भडकवले, गरिबी. आता प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न विचारा: हे कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहे का? सारखे असेल तर त्यातून वेगळा परिणाम निघणार कसा? खोडा. संस्कृती खोडली जाते, जुने वैरही खोडले जाते. वर्गाची सर्वांत लाडकी उत्तरे फळ्यावरून पुसली जाताना पाहणे, हीच या तासाची खरी शिकवण आहे.

मग राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांचा २००४चा खुलासा ठेवा. मलावीत हे दोन्ही समाज देशाच्या मानाने मोठे आहेत, म्हणून प्रत्येकाच्या जिवावर स्वतंत्र राजकीय आघाडी उभी राहू शकते. झांबियात दोन्ही इतके लहान आहेत की नुसत्या चेवांची किंवा नुसत्या तुंबुकांची मोट बांधून सत्ता मिळत नाही. तिथे दोघे मिळून ‘पूर्वेकडचे’ म्हणून उभे राहतात. फरक तोच राहतो, तो उपयोगाचा आहे की नाही हे संख्येवर ठरते.

इथे थांबू नका, नाहीतर वर्गाला वाटेल की कोडे सुटले. शेवटची पंधरा मिनिटे प्रतिस्पर्धी खुलाशाला द्या. मलावीत अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी १९६८ मध्ये चिचेवा ही चेवांची भाषा राष्ट्रभाषा केली. मग फूट पाडली ती संख्येने की नेत्याच्या धोरणाने? की संख्या मोठी होती म्हणूनच असे धोरण फायद्याचे ठरले? यावर वर्ग दुभंगला तर तास जमला असे समजा.

एक चूक मात्र दरवर्षी दिसते. ‘क्रांती का होते’ यावर काम दिले की विद्यार्थी फ्रान्स १७८९, रशिया १९१७, चीन १९४९ घेतात, तिन्हीकडे आर्थिक हलाखी सापडते आणि निष्कर्ष तयार. हलाखी असूनही जिथे क्रांती झाली नाही ते देश त्यांनी पाहिलेलेच नसतात. फक्त आजारी माणसे तपासून रोगाचे कारण ठरवण्यासारखे आहे हे. म्हणून प्रत्येक लेखी कामात एक ‘न घडलेले’ उदाहरण सक्तीचे करा. ते नसेल तर काम तपासूच नका.

## पाच मतदारसंघ, तीन पक्ष, तीन निकाल

निवडणूक पद्धती व्याख्येने शिकवल्या की विद्यार्थी गुणदोषांच्या याद्या लिहितात. त्याऐवजी पुढचा तक्ता फळ्यावर मांडा आणि हातात पेन्सिल द्या. प्रत्येक मतदारसंघात १०० मते:

| मतदारसंघ | पक्ष क | पक्ष ख | पक्ष ग |
|---|---|---|---|
| १ | ४० | ३६ | २४ |
| २ | ३८ | ३७ | २५ |
| ३ | ३९ | ३७ | २४ |
| ४ | १४ | ६१ | २५ |
| ५ | १७ | ५९ | २४ |
| एकूण | १४८ | २३० | १२२ |

पहिली फेरी: ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. क पक्षाला ३०%हून कमी मते पडली, तरी ३ जागा आणि बहुमत. ख पक्षाला ४६% मते आणि २ जागा. ग पक्षाला जवळपास पाव मते आणि शून्य.

दुसरी फेरी: सगळा देश एकच मतदारसंघ, पाच जागा, मतांच्या प्रमाणात जागा वाटणारी दाँत (D’Hondt) पद्धत. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३ ने भागा आणि सर्वांत मोठे पाच भागाकार निवडा: २३०, १४८, १२२, ११५, ७६.७. ख ला ३, क ला १, ग ला १. आता बहुमत ख चे.

तिसरी फेरी: तीच मते, सेंट-लाग्यू पद्धत, भाजक १, ३, ५. पाच मोठे भागाकार २३०, १४८, १२२, ७६.७, ४९.३. ख ला २, क ला २, ग ला १. बहुमत कुणालाच नाही, आणि सरकार कुणाचे हे सगळ्यांत लहान पक्ष ठरवणार.

एकही मत बदलले नाही आणि तीन वेगळी सरकारे आली. इथे वर्ग थोडा गप्प होतो, होऊ द्या. दाँत पद्धतीत चूक होते ती एकाच जागी: मुले आधीच्या भागाकाराला पुन्हा भागतात. भागायचे नेहमी मूळ मतांना.

चौथी फेरी सर्वांत मजेची. पहिल्या पद्धतीवर परत या आणि पहिल्या तीन मतदारसंघांतल्या ग च्या ७३ मतदारांना सांगा, ‘तुमचा उमेदवार पडणारच आहे, आणि क तुम्हाला मुळीच नको आहे.’ किती जणांनी ख कडे वळायला हवे? ५, २ आणि ३, अवघे दहा. तेवढ्याने ख पाचही जागा घेतो. सर्वाधिक मतांची पद्धत दोन पक्षांकडे का ढकलते हा ड्युव्हर्जे यांचा नियम वर्गाने आता स्वतःच शोधलेला असतो. मागोमाग खरे आकडे द्या: ब्रिटनच्या २०१५च्या निवडणुकीत यूकिपला १२.६% मतांवर १ जागा मिळाली, स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७% मतांवर ५६. मते किती हे जितके महत्त्वाचे तितकेच ती कुठे एकवटली आहेत हेही, हे तक्त्यातल्या चौथ्या-पाचव्या मतदारसंघाकडे बोट दाखवून सांगा. ख ने तिथे ढिगाने मते ‘वाया’ घालवली.

वेळ उरला तर न्यूझीलंड. तिथे १९७८ आणि १९८१ मध्ये कमी मते मिळवणाऱ्या पक्षाला जास्त जागा मिळाल्या. १९९३च्या सार्वमतात पद्धत बदलण्याचा कौल आला आणि १९९६ पासून नवी पद्धत लागू झाली. चिठ्ठीचा प्रश्न: जुन्या नियमांवर निवडून आलेले लोक नियम बदलू का देतात?

लोकशाहीच्या मोजमापाला एक तास पुरे. बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि २०२४ पर्यंत तिथे एकच पक्ष प्रत्येक निवडणूक जिंकत आला. सत्ताधारी पक्ष हरून पायउतार झाल्याशिवाय देशाला लोकशाही म्हणू नये, असा एक कडक निकष आहे. २०२४ मध्ये तो पक्ष हरला आणि सत्तांतर झाले. मग बोट्सवाना आधीपासून लोकशाही होता की त्या दिवशी झाला? यानंतर देशांची लोकशाही मोजणाऱ्या फ्रीडम हाउस किंवा व्ही-डेम या संस्थांचे क्रमांक दाखवलेत तर विद्यार्थी आधी क्रमांक न वाचता निकष वाचायला मागतात.

## कैद्याचा पेच: दोन रंगांची पाने

आंतरराष्ट्रीय संबंधांकडे वळताना हा खेळ पहिल्या आठवड्यात घ्या. जोड्या करा, प्रत्येकाला एक लाल आणि एक काळे पत्त्याचे पान. काळे म्हणजे सहकार्य, लाल म्हणजे दगा. दोघेही पान पालथे ठेवतात आणि एकदम उलटतात. दोन्ही काळी: ३-३ गुण. दोन्ही लाल: १-१. एक लाल, एक काळे: लालवाल्याला ५, काळेवाल्याला ०. एका डावाला अर्धे मिनिट, बोलायला बंदी.

पहिल्यांदा ‘दहा डाव’ असे जाहीर करा. दहाव्या डावात लाल पानांचा पाऊस पडतो, कारण पुढे बदला घ्यायला संधीच नाही. दुसऱ्यांदा शेवट लपवा: सहाव्या डावानंतर प्रत्येक वेळी फासा टाका, सहा आला की खेळ संपला. काळी पाने वाढतात का ते मोजा. उद्या पुन्हा भेटायचे आहे ही जाणीव, संस्थांच्या सगळ्या चर्चेचे बी इथे आहे.

खेळ बिघडतो तो सूचनेमुळे. बहुतेक मुले ‘जिंकायचे’ म्हणजे समोरच्याला हरवायचे असे धरून चालतात, मग सगळीकडे लालच लाल. ही चूक कामाला लावा. अर्ध्या जोड्यांना लेखी सूचना द्या, ‘स्वतःचे गुण जास्तीत जास्त करा’. उरलेल्यांना, ‘समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवा’. एकमेकांच्या सूचना कळू देऊ नका. शेवटी दोन्ही गटांची सरासरी फळ्यावर लिहा. एकूण लाभ महत्त्वाचा की तुलनेने लाभ, हा वास्तववादी आणि उदारमतवादी यांच्यातला जुना वाद आता आकड्यांत दिसतो.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी याच खेळाच्या संगणकावर घेतलेल्या स्पर्धांत ‘जशास तसे’ ही साधी चाल जिंकली. ती पहिल्यांदा सहकार्य करते आणि मग समोरच्याने गेल्या वेळी जे केले तेच करते. गंमत अशी, की ही चाल कुठल्याही एका लढतीत समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. का, ते वर्गाला कागदावर सिद्ध करू द्या.

## सिद्धांत कुठे मोडतो तिथून शिकवा

कौटिल्याचा मंडल सिद्धांत वर्गाला ऐकून माहीत असतो: शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. त्याचे कौतुक करत बसण्याऐवजी तो नकाशावर लावून पाहा. १८९४ची फ्रान्स-रशिया युती, मध्ये जर्मनी: अगदी चपखल. अमेरिका आणि कॅनडा: मोडला. फ्रान्स आणि जर्मनी: दोन महायुद्धांपर्यंत बसतो, आणि १९५१च्या कोळसा-पोलाद समूहाच्या करारानंतर मोडत जातो. जिथे मोडला तिथे काय बदलले, हा प्रश्न विचारला की व्यापार, संस्था, राजवटीचा प्रकार, ‘आपण कोण’ याची समजूत ही सगळी उत्तरे वर्गातूनच येतात. त्यांना मग सिद्धांतांची नावे द्या.

## सुरक्षा परिषद वर्गात

सुरक्षा परिषदेचे अभिरूप, म्हणजे विद्यार्थ्यांनी देश होऊन वर्गात भरवलेली परिषद, बहुतेक ठिकाणी भाषणबाजीत संपते. ते टाळायला तयारी लागते.

साठ जणांचा वर्ग असेल तर दोन समांतर परिषदा भरवा, प्रत्येकीत १५ देश, प्रत्येक देशाला दोन प्रतिनिधी. दोन्हींना तेच संकट, तीच कागदपत्रे. निकाल वेगळे लागले तर त्यांची तुलना हाच पुढचा गृहपाठ. संकट काल्पनिक घ्या, देश खरे. चालू युद्ध घेतले तर मुले बातम्यांचीच घोकंपट्टी करतात.

प्रत्येक देशाला दोन कागद: दोन पानांचे सर्वांना समान टिपण, आणि एक गुप्त चिठ्ठी. तिच्यावर तीनच ओळी: काय मिळालेच पाहिजे, काय मिळाले तर बरे, काय कदापि चालणार नाही. तीन तासांचे वाटप असे:

पहिला तास निवेदनांचा, प्रत्येकी ९० सेकंद. पंधरा देशांना साधारण २३ मिनिटे लागतात. घड्याळ विद्यार्थ्याच्या हाती द्या. दुसरा तास पूर्ण अनौपचारिक वाटाघाटींचा, भाषणे बंद, हाती कोऱ्या ठरावाचा कागद. तिसऱ्यात मतदान, मताचे स्पष्टीकरण, आणि निम्मा वेळ पश्चात चर्चेला. ही चर्चा कापली तर आधीचे दोन तास करमणूक ठरतात.

नियम नेमके सांगा. ठरावाला नऊ मते हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचाही विरोध नको. तटस्थ राहणे म्हणजे नकार नव्हे. कार्यपद्धतीच्या बाबींत नकाराधिकार चालत नाही. नमुना म्हणून १७ मार्च २०११चा लिबियावरचा १९७३ क्रमांकाचा ठराव दाखवा: बाजूने १०, विरोधात ०, तटस्थ ५. चीन, रशिया, भारत, जर्मनी, ब्राझील तटस्थ. तटस्थतेचे पाच वेगळे अर्थ असू शकतात यावर चिठ्ठी घ्या. ठरावाची क्रियापदेही तपासा: ‘आवाहन करते’ आणि ‘ठरवते’ यांत आणि ४१व्या कलमाचे निर्बंध व ४२व्या कलमाची लष्करी कारवाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन गोष्टी नेहमी बिघडतात. एक, समझोता फार लवकर होतो. मुले एकमेकांचे मित्र असतात आणि तास संपवायचा असतो. दुसऱ्या तासाच्या मध्यावर तीन देशांना ‘राजधानीचा निरोप’ द्या: तुमची दुसरी अट आता पहिली झाली आहे. दोन, निर्वाचित दहा सदस्य कोपऱ्यात बसून राहतात. त्यांना गणित दाखवा: पाच बडे एकत्र आले तरी आणखी चार मतांशिवाय काहीच होत नाही, आणि सात निर्वाचित सदस्यांनी हात वर केला नाही तर ठराव पडतो. हे कळले की कॉफीच्या सुट्टीतल्या कुजबुजीचा सूरच बदलतो.

## क्युबा, पाकिटे आणि नंतरचे शहाणपण

ऑक्टोबर १९६२चा क्युबाचा क्षेपणास्त्र पेच तारखांच्या पाकिटांत शिकवा. १६ तारीख: क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे अमेरिकी अध्यक्षांसमोर. पर्याय: गप्प बसणे, वाटाघाट, नाकेबंदी, हवाई हल्ला, आक्रमण. गटाने निवडायचे आणि कारण लिहायचे. मग २२ तारीख: ‘विलगीकरणा’ची, म्हणजे सागरी नाकेबंदीची, घोषणा. २६ आणि २७: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची दोन वेगळ्या सुरांतली पत्रे, आणि २७लाच क्युबावर अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले. प्रत्येक पाकिटाला सात मिनिटे. पुढचे पाकीट आधी उघडलेला गट बाद.

शेवटचे पाकीट राखून ठेवा. त्यात तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे गुपचूप काढण्याचे आश्वासन असते. ते तेव्हा जाहीर केले गेले नाही, आणि बराच काळ ‘ताठर राहिल्याने प्रतिस्पर्धी नमला’ असाच धडा घेतला गेला. वर्गाला आपली निवड पुन्हा तपासायला सांगा: पुरावा अर्धा असताना काढलेला कोणता निष्कर्ष आता टिकत नाही?

## वर्ग तापला तर

स्वतःच्या देशाच्या वादावर चर्चा करायचीच असेल तर त्याच घाटाचा दूरचा वाद आधी घ्या, मग जवळचा. फळ्यावर तीन रकाने ठेवा: काय घडले, का घडले, काय व्हायला हवे होते. आवाज चढतो तो बहुधा तिसऱ्या रकान्यातले वाक्य पहिल्यात घुसले म्हणून. शिवाय एक नियम: विरोधी म्हणणे आधी अशा शब्दांत मांडायचे, की समोरचा म्हणेल, ‘हो, हेच मला म्हणायचे आहे.’ मगच खोडायचे. शिक्षकाने स्वतःचे मत लपवावे की सांगावे यावर दुमत आहे. सांगायचेच तर चिठ्ठ्या गोळा झाल्यावर सांगा.

## गुण कसे द्यावेत

‘वास्तववादाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न घोकंपट्टी मोजतो. त्याऐवजी: १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, तरी नाटो मोडली नाही, तेव्हाच्या १६ सदस्यांचे आज ३२ झाले. दोन सिद्धांतांतून खुलासा करा, आणि कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही तुमचा खुलासा मागे घ्याल ते लिहा.

दहा गुणांची फोड: स्पष्ट दावा २, कारणापासून परिणामापर्यंतची साखळी ३, नेमका पुरावा ३, प्रतिकूल उदाहरणाला उत्तर २. ही फोड प्रश्नासोबतच छापा. साखळीचे तीन गुण सर्वांत जास्त जातात: ‘नाटो टिकली कारण ती संस्था आहे’ इथे मुले थांबतात, संस्था टिकते म्हणजे कोण, कोणत्या फायद्यासाठी, काय करत राहते, हे येत नाही. अशा उत्तराच्या कडेला ‘कोणी?’ एवढाच शेरा लिहा आणि पुनर्लेखनाला आठवडा द्या.

घरी लिहिलेला निबंध आता यंत्राने लिहिलेला असू शकतो, हे गृहीत धरून चाला. म्हणून सत्राअखेरीच्या कामाला त्याच विद्यार्थ्याच्या तीन जुन्या चिठ्ठ्या जोडायला लावा आणि विचारा: यांतला कोणता अंदाज आज वेगळा लिहाल, आणि कोणत्या तासामुळे?